हलकं तेल, भारी तेल

२ डिसेंबर

मिळालं! महिनाभराची चाचणी का असेना, पण काम मिळालं. उद्यापासून बागवाल्यांच्या संघाची फुलं डोंगर उतरून खाली स्टेशनावर पोचवायची माझ्या पिकअपने.

संघाच्या अध्यक्षीणबाईंनी चहा विचारला नाही की बस म्हटलं नाही. फक्त म्हणाल्या, "पहाटे साडेपाचला फाटकाशी गाडी हवी, इंजिन चालू हवं. सातची रेल्वे चुकली की माझी फुलं म्हणजे गवत." बोलणं असं, कात्रीने देठ छाटल्यासारखं. मला आवडल्या बाई. कामाचं माणूस.

आम्ही खालची, उन्हाच्या मुलखातली माणसं. डोंगरावर येऊन दोन महिने झाले. खाली पोती उचलण्यापासून सुरुवात केली होती मी, मग हातगाडी, मग तीनचाकी, आणि आता ही डिझेल पिकअप. कुणाच्या ओळखीवर नाही, माझ्या दोन दंडांवर आणि दोन कानांवर. शिक्षण बेताचं, पण कान तिखट. वळणापलीकडून इंजिन येत असलं तरी सांगतो, बेल्ट सैल झालाय की टॅपेट वाजतंय.

घरी येऊन हिला सांगितलं. ही ओट्याशी उभी होती. त्या खिडकीतून खाली भिंतीलगत उभी केलेली गाडी दिसते, तिच्याकडे बघत म्हणाली, "आणि महिना नीट नाही गेला तर?"

म्हटलं, "तर तू अजिबात घोर लावून घेऊ नकोस. शब्द देतो. सरळ बिऱ्हाड गुंडाळायचं आणि परत खाली दादा-वहिनीकडे. तुला या गारठ्यात कुजवणार नाही मी."

ती ओटा पुसत राहिली, आधीच पुसलेला. तिला धीर आला असावा.

४ डिसेंबर

इंजिन तेल बदलायची वेळ झाली होती, म्हणून वायसरच्या दुकानात गेलो. वायसर म्हणजे इथला स्पेअरपार्टवाला. खरं नाव कुणाला ठाऊक नाही, माणूस चपटा आणि गोल, म्हणून वायसर. ही गाडीतच बसून होती.

"वीस-पन्नास द्या," म्हटलं.

"इथे?"

"इथे म्हणजे? तेल काय पत्ता विचारतं?"

"विचारतं की. इथे हिवाळ्यात हलकं तेल लागतं."

हलकं! मी आयुष्यात हलकी दोरी वापरली नाही, हलका टायर वापरला नाही, हलक्या माणसाच्या पंगतीला बसलो नाही, आणि हा माझ्या इंजिनाला हलकं पाजायला निघालाय.

"मला भारी द्या," म्हटलं.

"भारीच देतो. पण ते हलकं असतं."

"अहो, हलकं ते भारी कसं असेल?"

"हलकं म्हणजे पातळ हो. मालाला भारीच आहे. उलट जास्त महाग आहे."

हलकं, आणि वर महाग! मी काय काल गाडी घेतली? मग त्याने डबा फिरवून आकडे दाखवले. पाच-चाळीस. पहिला आकडा गारठ्यातला, दुसरा इंजिन तापल्यावरचा, पहिला जितका लहान तितकं तेल थंडीत पळतं, वगैरे. मी म्हटलं, "वीस पाचापेक्षा मोठा, पन्नास चाळिसापेक्षा मोठा. दोन्हीकडून मीच जिंकलो. द्या."

फिल्टर मात्र मी त्याच्याकडून घेतला नाही. खालून येताना अर्धं खोकं भरून आणलेत, आटे अगदी बरोबर बसतात. वायसरने माझ्यातला एक हातात घेतला, भोकात बोट घालून चाचपलं आणि म्हणाला, "आत रबरी पडदा नाही याच्या."

"फिल्टर आहे तो. नाटकगृह नाही."

दुकानातली दोन गिऱ्हाइकंसुद्धा हसली. वायसरही हसला. माणूस वाईट नाही, फक्त व्यापारी आहे.

परतताना ही म्हणते, "आकड्यांचं काय सांगत होता तो? ऐकून तर घ्यायचं पूर्ण."

"ऐकलं की. हलकं खपवायचं होतं त्याला."

"अहो, पण पहिला आकडा थंडीतला म्हणाला ना?"

गाडीत काच बंद करून बसली होती तरी हिला सगळं ऐकू गेलं. माझी संगत.

७ डिसेंबर

आज खरी थंडी पडली. बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा. समोरच्या मोकळ्या जागेत उभ्या असतात त्या सगळ्या गाड्यांवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर, आणि प्रत्येकजण आपापल्या किल्लीशी झटापट करतोय. दुधाच्या टँकरवाल्याची गाडी तर दम्याच्या रोग्यासारखी घरघरत होती.

आणि माझी? एका किल्लीत! अहाहा! बॉनेटवर दवाचा ठिपका नाही. हात ठेवला तर कोमट! टँकरवाला चाटच पडला. म्हणाला, "काका, काय घालता काय हिच्यात?"

"भारी तेल," म्हटलं. "वीस-पन्नास. गाडी रक्ताची गरम लागते, बाबा."

वाटभर शीळ घालत गेलो. रेल्वे यायच्या कितीतरी आधी फुलांची खोकी फलाटावर.

१० डिसेंबर

रोज एका किल्लीत. मात्र एक काळजी आहे ती इथे लिहून ठेवतो, हिला बोललो नाही.

ही थंडीने आजारी पडते आहे असं वाटतं. मला नुकती झोप लागत असते तेव्हा मागच्या दाराची कडी वाजते, आणि मी उठायच्या थोडं आधी पुन्हा. कितीही हळू काढली तरी माझ्या कानाला कळतं. विचारलं तर म्हणाली, "पाणी प्यायला उठले." पाण्याचा माठ घरात आहे, मागच्या दाराबाहेर नाही! या वयात थंडीत असं सारखं बाहेर जावं लागणं बरं नव्हे. डॉक्टरला दाखवू म्हटलं तर अशी हसली की हातातली ताटली निसटली.

शिवाय माझी जाड रजई, हिने मला घोंगड्या देऊन बाजूला ठेवलेली, तिला डिझेलचा वास येतो. तेही विचारलं. म्हणाली, "तुमच्याच अंगाचा असेल." असेल. धंद्याचा वास, त्यात लाज कसली!

१३ डिसेंबर

आज मन जरा खट्टू झालं.

दुपारी पडलो होतो, ही आतून धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होती. मी मुद्दाम ऐकत नव्हतो, पण माझ्या कानांना दार नाही. म्हणत होती, "अगं, एकटीचं स्वयंपाकघर. माझं एकटीचं. डबे कुठे ठेवायचे ते मीच ठरवायचं, खिडकीही मलाच. कुणी म्हणजे कुणी नाही मागे उभं राहायला." आणि आवाज दाटून आला हो तिचा.

बिचारी. खाली आमच्या घरात कशी वर्दळ असायची! वहिनी सदा हिच्या मागे उभी असायची, मीठ किती, तेल किती, झाकण कसं ठेवायचं, सगळं सांगायला. इथे भिंतींशी बोलते. संध्याकाळी तिला पुन्हा धीर दिला, "एवढा महिना काढ. जमलं नाही तर खालचं घर आहेच." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता रडते. पण म्हणाली, "जमेल. जमायलाच हवं."

माझ्या धंद्यासाठी केवढा जीव टाकते!

१६ डिसेंबर

टँकरवाल्याने माझं ऐकून वीस-पन्नास भरलं आणि आज त्याचा टँकर जागचा हलला नाही! दूध तसंच. मला बघून हात जोडले त्याने. "काका, तुमच्या गाडीला भारी मानवतं, माझ्या गाडीला हगवण लागली असती तर बरं झालं असतं, हिला बद्धकोष्ठ झालंय."

मी समजूत काढली, त्याच्या बॅटरीत जीव नसेल. वायसर तिथेच होता. म्हणाला, "बॅटरी कालच तपासली मी. याचे कान हलके आहेत, एवढंच." टँकरवाला म्हणाला, "आणि काकांचे?" वायसर माझ्या बॉनेटकडे बघत राहिला, कोरड्या ठणठणीत बॉनेटकडे, आणि म्हणाला, "तेच कळत नाही ना मला."

व्यापारी निरुत्तर! खुशीतच घरी आलो. हिला सगळं रंगवून सांगितलं. ही हसली नाही. म्हणाली, "त्या गरिबाचं दूध खोळंबलं. उगाच सांगू नका कुणाला काही."

१८ डिसेंबर

हिच्या धाकट्या बहिणीचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन अचानक ठरलं. आज फुलांबरोबर हिलाही खाली स्टेशनावर सोडलं. पाचसहा दिवसांनी येईल. निघायच्या आधी सारखं आत-बाहेर. मला म्हणाली, "आजच्या आज तेल बदलून घ्या, माझ्यासाठी." मी हो हो केलं. मग म्हणाली, "नाही तर निदान तो पिवळा दिवा रात्री गाडीखाली ठेवत जा. वायर खिडकीतून सोडलेली आहे. विसरू नका."

चोरांची भीती वाटते तिला. माझ्या गाडीला चोर हात लावेल आणि मला ऐकू येणार नाही? ठेवतो म्हटलं. बायकांचं मन राखावं.

२० डिसेंबर

आज जे झालं ते लिहायला हात वळत नाही, पण लिहितो.

काल सकाळी ढगाळ होतं, गारठा कमी, तरीही गाडीने जरा आढेवेढे घेतले. मी म्हटलं, हिची आठवण येत असेल तिला. आज आभाळ निरभ्र, थंडी कडाक्याची. बॉनेटवर बोटभर पांढरं. किल्ली फिरवली. इंजिन म्हणालं, "अं…" पुन्हा फिरवली. "अंऽऽ…" जसं काही काकवीत रवी घुसळतोय. तिसऱ्यांदा नुसतं टक्. बॅटरी खलास.

टँकरवाल्याने हलक्या-भारीचा राग विसरून त्याच्या बॅटरीवरून मला वायर लावून दिली, पण तोवर उजाडलं होतं. मी स्टेशनात शिरलो तेव्हा रेल्वेचा शेवटचा डबा दिसला. खोकी तशीच परत वर आणली.

बाई फाटकात उभ्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एक खोकं उघडलं, एक कळी बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "माणूस उद्या येतो म्हणाला तर मी थांबते. फूल थांबत नाही. महिनाअखेरपर्यंत आणखी एकदा असं झालं, तर पुढचं काम त्या जीपवाल्याचं, तो कधीचा मागतोय."

"बाई, तेल भारी आहे माझं—"

"गाडी सुरू होते की नाही, एवढंच सांगा."

मी खाली मान घालून खोकी उतरवायला लागलो.

संध्याकाळी हिचा फोन. बहीण बरी आहे. मग लगेच, "गाडी?"

सांगितलं. मग म्हणाली, "दिवा ठेवला होतात?"

"नाही. अगं दिव्याचा काय संबंध? चोर नाही, थंडी आली होती."

"चोर? कसला चोर? अहो, दिवा इंजिनाला ऊब मिळावी म्हणून. आमच्याकडे कोंबडीच्या पिल्लांवर लावायचे ना, तसा. रोज तुम्ही झोपलात की लावायची, वरून तुमची रजई घालायची, आणि तुम्ही उठायच्या आत काढून आणायची."

मी कानाला लावलेला फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि मला बोलली का नाहीस?"

"बोलले की. तेलाचं बोलले, आकड्यांचं बोलले. तुम्ही वायसरवर विनोद करत होतात."

फोन ठेवल्यावर आधी मला राग आला, मग हसू आलं, आणि मग एकदम इतकं भरून आलं की गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. गाडी रक्ताची गरम म्हणे! अंड्यासारखी उबवली होती माझ्या बायकोने. का, तर माझा शब्द खाली पडू नये म्हणून. आता हा करार मिळवायचाच, आणि या बाईला उन्हाळ्यात खुशाल महिना-दोन महिने खाली माणसांत पाठवायचं.

२१ डिसेंबर

आज पहाटे दिव्याच्या जोरावर निघालो. एका किल्लीत. या दिव्याला मी नमस्कार केला, पण दिव्यावर धंदा चालत नाही. वीज गेली तर? आणि ती काय जन्मभर थंडीत उठणार?

स्टेशनावरून थेट वायसरकडे. म्हटलं, "हसून घ्या आधी." तो हसला नाही. म्हणून मीच दिव्याची हकीकत सांगितली, मग मात्र त्याला काउंटर धरावा लागला. डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे बॉनेटचं ते होय! मी पंधरा दिवस डोक्याची मंडई करून घेतली, की वीस-पन्नास गारठ्यात चालतं कसं."

"आता मला पटवा," म्हटलं. "आकड्यांवर माझा विश्वास नाही. डोळ्यांनी दाखवा, नाही तर कानांनी."

मग दोघांनी मिळून एक गंमत ठरवली. त्याने तीन बाटल्यांत थोडं थोडं तेल दिलं. माझं वीस-पन्नास, मधलं पंधरा-चाळीस, आणि ते हलकं पाच-चाळीस. घरी येऊन हिच्या तीन वाट्यांत ओतली आणि खिडकीबाहेर ठेवली. सकाळ कधी होते असं झालंय! लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा इतका अधीर नव्हतो.

२२ डिसेंबर

उठल्या उठल्या वाट्या! पहिली तिरकी केली. वीस-पन्नास हललंच नाही, थिजलेल्या खळीसारखं बसून. मग सावकाश, पोट सुटलेल्या माणसासारखं कडेला आलं. पंधरा-चाळीस जरा बरं, पण आळसावलेलं. आणि पाच-चाळीस? वाटी नुसती कलंडली आणि तेल पाण्यासारखं धावत सुटलं, थेट माझ्या बाहीवर!

बाही खराब झाली, पण मी एकटाच स्वयंपाकघरात टाळी वाजवली. हेच ते! थिजलेलं तेल पंपाने ओढायचं कधी, वर पोचायचं कधी? आणि इंजिन तापलं की दुसरा आकडा राज्य करतो, चाळीस. गाडीच्या पुस्तकात काल वायसरने बोट ठेवून दाखवलं, कंपनीनेही चाळीसच म्हटलंय. म्हणजे माझं पन्नास मी हौसेने घालत होतो. भारी म्हणजे जाड असं मानत आलो. भारी म्हणजे कामाला भारी.

दुपारी जुनं तेल काढून हलकं भरलं. फिल्टरही बदलला, माझ्या खोक्यातला. आता बघू.

२३ डिसेंबर

दिव्याशिवाय, रजईशिवाय, एका किल्लीत! ओरडलोच मी.

पण.

कान माझे बोलले. सुरू झाल्या झाल्या वरच्या बाजूला खडखड, खडखड, दोनतीन श्वास घेऊन सोडेपर्यंत. मग एकदम शांत. दुसऱ्याला ऐकूही आली नसती. मला आली, आणि दिवसभर डोक्यातून जाईना. तेल पातळ आहे, तर वर पोचायला एवढा वेळ का घेतं? संध्याकाळी गार झाल्यावर पुन्हा सुरू केली, पुन्हा खडखड. बंद करून लगेच सुरू केली, खडखड नाही! म्हणजे गाडी उभी राहिली की वरचं तेल कुठेतरी उतरून जातं. जाड तेल चिकटून राहायचं, हे पातळ निसटतं; वर थांबवणारं काहीतरी नाही.

तसाच बनियनवर गाडी पळवत वायसरकडे गेलो, तो दुकान बंद करत होता. म्हटलं, "वायसर, नाटकगृह उघडा! पडदा द्या!"

त्याला क्षणभर कळेना. मग मी आवाज करून दाखवला, कधी येतो, कधी येत नाही, सगळं. त्याने शटर पुन्हा वर केलं. माझ्या फिल्टरच्या भोकात माझंच बोट घालायला लावलं, मग त्याच्यात. त्याच्यात आत मऊ रबराची झडप. इंजिन बंद झालं की ती मिटते आणि तेल फिल्टरमध्येच अडवून धरते, मागे पळू देत नाही. माझ्यात नुसतं भोक.

"मी हे सांगितलं असतं," वायसर म्हणाला, "पण तुम्ही तिकिटं फाडून मोकळे झालात."

दोघांनी तिथेच दुकानासमोर फिल्टर बदलला. हात काळे, बोटं बधिर, आणि दोघेही शाळा सुटल्यासारखे खिदळत होतो.

२४ डिसेंबर

खडखड नाही! किल्ली फिरवली आणि इंजिन नुसतं कुजबुजलं. मी बॉनेटला कान लावून उभा. टँकरवाला म्हणाला, "काका, नाडी बघताय का?" त्याला सरळ सांगितलं, माझं चुकलं होतं, दिव्याची गोष्टही सांगितली, आणि हलकं तेल घे म्हटलं. म्हणाला, "आधी काकूंना विचारतो."

आज ही आली. स्टेशनावरच घेतली तिला. एका हातात पिशवी, आणि हमालाच्या डोक्यावर शिलाई मशीन!

"अगं, हे कशाला उचलून आणलंस? ठरलंच परत जायचं तर पुन्हा न्यावं लागेल."

"तुम्ही आधी ते पायाशी नीट बसवा. वळणावर आपटेल."

मशीन खालच्या घरात पोटमाळ्यावर पडून होतं, येताना ही तिथून घेऊन आली. वहिनीला आवाजाने डोकेदुखी होते म्हणून हिने कधी काढलंच नव्हतं. वाटेत मी तेलाची आणि फिल्टरची सगळी कथा सांगितली. हिने सगळं ऐकलं, मध्ये मध्ये नेमके प्रश्न विचारले. घरी आल्यावर मात्र पहिला प्रश्न, "माझ्या तीन वाट्यांना हा कसला वास?"

२८ डिसेंबर

चार दिवस, चार किल्ल्या. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही, आणि तेच लिहिण्यासारखं आहे. हिने मशीन खिडकीशी मांडलंय. दिवसभर खटखट, खटखट. माझ्या कानाने सांगितलं, त्यालाही तेल हवंय. हलकं.

३० डिसेंबर

उद्या महिन्याचा शेवटचा दिवस, आणि फुलंही सगळ्यांत जास्त. बाईंनी निरोप दिलाय, गाडी भरून आणखी वर दोन थर. जीपवाला आज फाटकाशी घुटमळत होता. बाईंना नमस्कार घालून मला ऐकू जाईल असं म्हणाला, "उद्या फार थंडी आहे म्हणतात."

खरंच आहे. नळ आत्ताच मुके झालेत.

ही म्हणाली, "दिवा लावू का? आजच्यापुरता?"

"नको. दिव्याने सुरू झाली तर करार दिव्याचा होईल. मला तुझी झोप मोडून मिळालेलं काम नकोय."

"मला नव्हता काही त्रास उठायला."

"मला होतो."

मग जरा वेळाने म्हणाली, "उद्या मी येऊ बरोबर?"

"गाडीत गारठशील."

"शाल आहे."

तिने आपला चेहरा असा केला होता की नाही म्हणवेना. माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली आहे, असं वाटलं. रजई आज दोघांच्या अंगावर, बऱ्याच दिवसांनी.

३१ डिसेंबर

पहाटे दार उघडलं तर श्वास दातांना लागला. गाडी वरपासून खालपर्यंत पांढरी, जशी कुणी साखरेत घोळवून ठेवलेली. काच खरवडली. ही शेजारी बसली, दोन्ही हात शालीत, नजर माझ्या हातावर. किल्ली अर्धी फिरवली, इंजिनाच्या हीटरचा तांबडा दिवा लागला. तो विझायची वाट बघत दोघंही त्याच्यावर डोळे लावून बसलो. विझला.

फिरवली.

इंजिनाने एक घोट घेतला, आणि सुरू! खडखड नाही, घरघर नाही, कुरकुर नाही. हिने इतका मोठा श्वास सोडला की आतून काचेवर धुकं धरलं. मी हसलो, ती हसली, आणि टँकरवाल्याने तिकडून हॉर्न वाजवला. त्याचाही सुरू झाला होता, काकूंना विचारून भरलेल्या तेलावर.

बाईंच्या फाटकाशी वेळेत, इंजिन चालू. खोकी वर दोन थर चढवली, दोऱ्या मी स्वतः आवळल्या. उतरणीवर एकेका वळणाशी ही मागे वळून खोकी बघायची. सातच्या रेल्वेत शेवटचं खोकं चढलं तेव्हा गार्ड अजून चहा पीत होता!

परत वर आलो तर बाई फाटकात, हातात कागद. यावेळी चहाही होता, दोन पेले. मला म्हणाल्या, "वीस तारीख सोडली तर महिना चोख गेला. वीस तारखेचं काय झालं होतं?"

म्हटलं, "बाई, तेल चुकीचं, फिल्टर चुकीचा आणि मी चुकीचा. तिन्ही बदलले."

पहिल्यांदाच हसल्या त्या. कागद बॉनेटवर पसरला. "संघाने दोन्ही तयारी ठेवली आहे. एक वर्षाचा करार करायचा, की तीन?"

मी गाडीत बसलेल्या हिच्याकडे पाहिलं. तीन वर्षं हिला इथे, एकटीच्या स्वयंपाकघरात, या थंडीत अडकवून ठेवायचं? मिळालेल्या आनंदात मी एवढा आंधळा नाही. जीव तुटला, पण ठामपणे म्हटलं, "एकच ठेवू या, बाई. घरच्यांचाही विचार करावा लागतो."

बाईंनी पेन उघडलं.

तेवढ्यात काच खाली आली.

"तीन," ही म्हणाली.

मी वळलो. "अगं, तू नीट ऐकलंस का? वर्षं म्हणताहेत त्या."

"ऐकलं. तीन वर्षं."

बाई तिच्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. मी इंजिनाच्या आवाजात ऐकण्यात चूक झाली असं म्हणणार होतो, पण नव्या तेलावर ते इतकं हळू चालत होतं की तसं म्हणायची सोयच नव्हती.